कासुर्डीत ट्युलिप? आधी फ्रिजला विचारा!

पुणे-सोलापूर हायवेलगत प्लॉट घेतलाय, बाल्कनीत कुंड्या आहेत आणि डोक्यात ट्युलिप? थोडं थांबा. हे फूल पाणी मागत नाही, खत मागत नाही. ते मागतं थंडी. ती उसनी कशी आणायची, कुठे आणायची आणि कुठे सरळ नाद सोडायचा, याचा हा हिशेब.

सोमवार ते शुक्रवार हिंजवडी नाहीतर मगरपट्टा, शनिवारी सकाळी गाडी काढायची आणि हडपसर ओलांडून सुटायचं, हा आता पुण्यातल्या बऱ्याच जणांचा रिवाज झालाय. लोणी काळभोर गेलं, सोरतापवाडीच्या नर्सऱ्या गेल्या, उरुळी कांचन गेलं की कासुर्डी येते. दौंड तालुक्यातली ही कासुर्डी. सातारा रस्त्याकडे, भोर तालुक्यातही एक कासुर्डी आहे, ती वेगळी. आपल्यातल्या कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं ते एकेकाळच्या टोलनाक्याच्या पाटीवर. वारकऱ्यांना मात्र ते कधीपासून माहीत आहे. तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला पिठलं-भाकरीच्या पंगतीला जाते ती याच रस्त्याने.

या पट्ट्यात कुणी पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा घेतो, कुणाचं मूळ गावच इथलं असतं. आंबा, चिकू, नारळ लावून झाले की पुढचा प्रश्न येतो, काहीतरी हटके लावूया ना! आणि मग मोबाइलवर श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनचे फोटो निघतात. लाल, पिवळे, जांभळे पट्टे, मागे झबरवानचे डोंगर. घरातल्या ज्येष्ठांना 'सिलसिला' आठवतो. १९८१ सालच्या त्या सिनेमात अमिताभ आणि रेखा हॉलंडच्या ट्युलिपमधून फिरले आणि अख्ख्या देशाच्या डोक्यात हे फूल कायमचं रुतलं. ऑनलाइन दुकानांत कंद मिळतात, पाकिटावर फोटो तर सॉल्लिड असतो. 'ॲड टू कार्ट' व्हायला कितीसा वेळ?

कांद्याच्या पोटात फूल

ट्युलिपचा कंद हातात घेतला तर तो आपल्या कांद्यासारखाच दिसतो. बाहेर तपकिरी पापुद्रा, आत मांसल पांढरे थर. दिसण्यावर जाऊन फोडणीला मात्र टाकू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी नाइलाजाने हे कंद खाल्ले होते. एरवी ते खाण्याची वस्तू नव्हे. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कंद त्यांच्या तोंडापासून लांबच ठेवा, त्यांना ते विषारी ठरतात.

गंमत पुढे आहे. आपण दुकानातून जो कंद आणतो त्याच्या पोटात पुढच्या मोसमाचं फूल आधीच तयार असतं. सहा पाकळ्या, पुंकेसर, सगळं सूक्ष्म रूपात. म्हणजे फूल तयार करायचं काम तुमचं नाही. ते फक्त बाहेर काढायचंय. आणि त्याच्या कुलपाची किल्ली आहे थंडी.

ट्युलिप मुळात मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातलं. तिथे कडक हिवाळा, छोटासा वसंत, मग कोरडा उन्हाळा. अशा ठिकाणी चुकून आधी उगवलं तर बर्फात मरण. म्हणून या झाडाने एक सोय करून ठेवली. साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी, म्हणजे ढोबळमानाने २ ते ९ अंश सेल्सिअस, मिळाल्याशिवाय कंद हलतच नाही. या काळात कंदातल्या पिठाची साखर होत जाते, आतली रसायनं बदलतात आणि देठाला लांब होण्याचा हुकूम मिळतो. थंडी कमी पडली तर? पानं येतात, कळी मात्र पानांच्या बेचक्यात, मातीला चिकटून बसते. कधी ती तिथेच सुकते. झाड जिवंत असतं, फुलाचा पत्ता नसतो. 'मी रोज पाणी घातलं तरी आलं नाही' ही तक्रार यातूनच येते.

आता आपल्याकडची थंडी पाहा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान ११-१२ अंशांच्या आसपास राहतं आणि दुपारी पारा पुन्हा ३० च्या घरात. पुण्याच्या नोंदीतली सगळ्यात थंड रात्र १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. पण ती एक रात्र! ट्युलिपला तशा थंडीचे तीन-साडेतीन महिने हवेत, तेही दिवसरात्र. कासुर्डी तर पुण्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या मोकळ्या पठारावर. पहाटे शेकोटी पेटवावी लागते हे खरं, पण दुपारी बाराला त्याच शेतात टोपी लागते. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचं 'चिल्लई कलां' असतं, नळातलं पाणी गोठवणारं. तो फरक खताने भरून निघत नाही.

म्हणून पहिला निकाल देऊन टाकू. कासुर्डीच्या जमिनीत, साधे कंद, नुसते लावून ट्युलिप येणार नाही.

वेड जुनंच आहे

या फुलासाठी डोकं फिरणारे आपण पहिले नाही. मध्य आशियातून ते तुर्कांकडे आलं, ऑटोमन सुलतानांनी ते बागांत मिरवलं. त्याचं नावही 'पगडी' अशा अर्थाच्या शब्दावरून पडलं, असं मानतात. युरोपात गेल्यावर कॅरोलस क्लुसियस नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडनला आला आणि त्याच्या बागेत पुढच्या वर्षी ट्युलिप फुलले.

त्यानंतर चाळीसेक वर्षांत हॉलंडमध्ये जे झालं ते आजही शेअर बाजाराच्या प्रत्येक बुडबुड्याच्या वेळी आठवलं जातं. १६३६-३७ च्या हिवाळ्यात कंद जमिनीतच होते आणि खाली हॉटेलांत त्यांच्या कागदी सौद्यांवर सौदे चालले होते. 'सेंपर ऑगस्टस' या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जातीचा एक कंद आख्ख्या घराच्या किमतीला बोलला जात होता. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेमला एका लिलावात गिऱ्हाईकच आलं नाही आणि फुगा फुटला. यात सगळा देश बुडाला असं जे सांगितलं जातं ते मात्र वाढवून सांगितलेलं. झळ लागली ती मुख्यतः सौदे करणाऱ्या वर्तुळाला, हे इतिहासकारांनी कागदपत्रं तपासून दाखवलंय. आणि ज्या पट्ट्यांवर लोक एवढे फिदा होते ते पट्टे म्हणजे मावा या किडीमार्फत पसरणारा एक विषाणुजन्य रोग होता! हे शास्त्रीयदृष्ट्या उलगडलं ते १९२८ मध्ये.

आपल्या देशात ट्युलिपचं मोठं दर्शन घडवलं श्रीनगरने. दल सरोवराजवळचं इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप गार्डन २००७ मध्ये खुलं झालं, क्षेत्र सुमारे ३० हेक्टर. मार्चअखेर ते एप्रिल एवढाच त्याचा मोसम. दिल्लीतही अलीकडच्या वर्षांत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप दिसू लागलेत. पण दिल्लीचं गुपित समजून घ्या. तिथे लावलेले कंद आधीच थंडी खाऊन आलेले असतात, म्हणजे प्री-कूल्ड. एका मोसमाचा खेळ, पुढच्या वर्षी पुन्हा नवे कंद. हिमाचलात पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने २०२२ मध्ये स्वतःची ट्युलिप बाग खुली केली. तिथे मात्र मागे धौलाधार आहे.

थंडी उसनी घ्या

दिल्लीला जमतं तर आपल्या बाल्कनीला का नको? कुंडीपुरतं जमतं. फंडा सोपा आहे, हिवाळा घरातल्या फ्रिजमधून आणायचा. लक्षात ठेवायला एक देशी कॅलेंडर घ्या, दसऱ्याला फ्रिजमध्ये, संक्रांतीला कुंडीत. दसरा लवकर येवो की उशिरा, या दोन सणांमध्ये साधारण १२ ते १५ आठवडे मिळतात, म्हणजे कंदाला हवे तेवढेच. दसरा लवकर असेल तर नव्या वर्षाच्या पहिल्या वीकएण्डलाच लावून टाका. जेवढा थंड महिना हाती लागेल तेवढा चांगला.

कंद घेताना घट्ट, जड, बुरशी नसलेला घ्या. आकार महत्त्वाचा. कंदाचा घेर १२ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर फुलाची खात्री अधिक. छोटे स्वस्त कंद बहुधा नुसती पानं दाखवतात. विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा, हे प्री-कूल्ड आहेत का, आणि असतील तर किती आठवडे? तेवढे आठवडे तुमच्या हिशेबातून वजा.

फ्रिजमध्ये ठेवताना कागदी पिशवी किंवा जाळी वापरा, प्लॅस्टिक नको. भाजीचा कप्पा चालेल, फ्रीजर अजिबात नाही. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, पेरू असतील तर कंद विसरा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि तो कंदाच्या पोटातलं फूल आतल्या आत मारून टाकतो. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, म्हणून कळतही नाही. दोन-तीन बॅचलर मिळून राहत असाल आणि फ्रिजमध्ये फक्त पाण्याच्या बाटल्या असतील, तर अभिनंदन! ट्युलिपसाठी तुमचाच फ्रिज आदर्श.

कुंडी उथळ चालेल, पण तळाला भोक हवंच. कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण करा. सहा-सात इंची कुंडीत पाच कंद दाटीने लावा. प्रत्येक कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करा. पहिलं मोठं पान त्या बाजूला पडतं आणि कुंडी भरलेली दिसते. टोक मातीच्या जरा खाली. पाणी बेताने. ओल हवी, चिखल नको.

जागा निवडताना पूर्वेकडची बाल्कनी पहिली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवली तर दोन दिवसांत झाड भाजेल. सगळं नीट जुळलं तर चार ते सहा आठवड्यांत कळी रंग दाखवते, म्हणजे व्हॅलेंटाइन डेच्या आगेमागे. देठ काश्मीरएवढा लांब नसेल, फूलही आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात आठवडाभर टिकलं तरी खूप. पण ते तुमचं असेल!

फूल गेल्यावर काय? थंड प्रदेशात पानं पिवळी पडेपर्यंत पाच-सहा आठवडे ठेवतात. त्या काळात कंद पुन्हा भरतो. आपल्याकडे नेमका तेव्हा मार्च सुरू होतो आणि कंद भरण्याआधीच पानं करपतात. त्यामुळे जपून ठेवलेला कंद पुढच्या वर्षी फुलेल या आशेवर राहू नका. सरळ कंपोस्टमध्ये टाका. आपल्याकडे ट्युलिप म्हणजे दरवर्षी नवं तिकीट.

ऑनसाइटला ॲमस्टरडॅमला गेलेल्या मित्राला 'येताना कंद आण' सांगण्याआधीही थोडा विचार करा. लागवडीचे कंद भारतात आणायला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि आयात परवाना लागतो. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ चा तो नियम आहे. बॅगेतून आलेली एखादी बुरशी तुमच्या कुंडीत थांबत नाही, ती शेजारच्या कांद्याच्या शेतातही जाऊ शकते.

कुंडी ठीक, एकराचं काय?

खरा प्रश्न इथे आहे. ऑफिसमधला एखादा सहकारी चहाच्या टपरीवर गंभीरपणे सांगतो, 'गावाकडे पॉलिहाऊस टाकू, ट्युलिप काढू, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना विकू.' त्याच्या नोकरीचे पैसे, घरच्यांची जमीन आणि बँकेचा ईएमआय एका स्वप्नावर लागतो. म्हणून हिशेब नीट मांडून बघू.

हॉलंडमध्ये कट फ्लॉवरचे ट्युलिप निघतात तेही अशाच उसन्या थंडीवर, फक्त कारखान्याच्या शिस्तीने. शीतगृहात आठवडे मोजून कंद ठेवतात, बऱ्याच ठिकाणी मातीऐवजी पाण्याच्या ट्रेमध्ये मुळं धरवतात, मग थंड ग्रीनहाऊसमध्ये तीन-चार आठवड्यांत फूल कापणीला येतं. त्यांना बाहेरची हवा फुकट थंड मिळते आणि कंद शेजारच्या शेतातून येतात. आपल्याला दोन्ही विकत घ्यायचं. शीतगृहाची वीज, पॉलिहाऊस गार ठेवायची वीज, वर दरवर्षी नवे कंद. आणि एका कंदाला विकायला एकच देठ मिळतो! गुलाबाचं झाड वर्षानुवर्षं फुलं देतं, जरबेराचं रोपही दोन-तीन वर्षं चालतं. ट्युलिपचा कंद एक फूल देऊन संपतो. एखादा आठवडा गरम गेला, लाइट गेली, माल लग्नाच्या तारखेला चुकला, की अख्खी बॅच गेली. 'कंद आमचे, फुलंही आम्हीच घेऊ' असं कुणी सांगत असेल तर लेखी करार, दर आणि माल नाकारण्याच्या अटी वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

फुलशेतीला पुणे जिल्हा नवखा नाही. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधून आणि मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत गुलाब परदेशी जातात. पण मावळ म्हणजे घाटाजवळची दमट, गार हवा. दौंडची हवा कोरडी आणि कडक. तेव्हा कासुर्डीचा प्रश्न असा विचारायला हवा, ट्युलिपसारखाच कंदातून येणारा, देठावर विकला जाणारा, पण इथली हवा मानवणारा कोण?

दोन कंद, आपल्या हवेचे

पहिला ग्लॅडिओलस. तलवारीसारखी पानं आणि खालून वर उमलत जाणारा दांडा. रिसेप्शनच्या स्टेजमागे उभे असतात ते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा', 'फुले तेजस', 'फुले नीलरेखा' अशा जाती दिल्या आहेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा लागवडीचा चांगला काळ. ओळींत एक ते दीड फूट, कंदांत अर्धा फूट, खोली दोन-तीन इंच. लावण्याआधी बुरशीनाशकात बुडवून घ्यायचे. जातीप्रमाणे दोन-तीन महिन्यांत दांडा येतो. सगळ्यात खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की पहाटे कापायचा. बाकीच्या कळ्या फ्लॉवरपॉटमध्ये उमलतात. कापताना चारेक पानं झाडावर ठेवायची, त्यावर नवा कंद पोसतो. पानं पिवळी पडली की कंद काढायचे, सुकवायचे आणि शीतगृहात विश्रांतीला ठेवायचे. म्हणजे थंडी यालाही लागते, पण झोपायला, फुलायला नाही. आणि ट्युलिपच्या उलट, एका कंदाच्या जागी नवा कंद आणि वर बारीक पिलं मिळतात. पुढच्या वर्षीचं बियाणं घरचं.

दुसरा आपला लाडका निशिगंध. मार्केट यार्डात याला गुलछडी म्हणतात. याची एक भन्नाट गोष्ट आहे. वनस्पतीशास्त्रज्ञांनी निशिगंधाला आता घायपाताच्या वंशात बसवलंय. बांधावरचा तो काटेरी घायपात आणि वेणीतली गुलछडी, दोघं चुलतभाऊ! दोघांचं मूळ मेक्सिकोत. मग दौंडचं ऊन निशिगंधाला का मानवतं हे वेगळं सांगायला नको.

निशिगंध एप्रिल-मेमध्ये, पाण्याची सोय असेल तर, एकेक फुटावर आणि दोन इंच खोल लावतात. तीनेक महिन्यांनी दांडे सुरू होतात आणि एकदा लावलेलं शेत तीन वर्षांपर्यंत चालतं. एकेरी पाकळीची फुलं हारा-वेणीला आणि अत्तराला, कारण वास तिचाच दांडगा. दुहेरी पाकळीचे दांडे गुच्छाला आणि फ्लॉवरपॉटला. एकेरीत 'फुले रजनी', 'शृंगार', 'प्रज्वल' आणि दुहेरीत 'सुवासिनी', 'वैभव' ही ओळखीची नावं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यातच आहे. गुगलला विचारण्याआधी तिथे आणि गणेशखिंडच्या विद्यापीठ केंद्रात विचारलं तर उत्तर आपल्या मातीचं मिळतं.

बाजाराची नाडी मात्र इथेही ओळखावी लागते. गुलटेकडीच्या फूलबाजारात श्रावण सुरू झाला की भाव हलतात, गणपतीत उसळतात, पितृपक्षात आपटतात, दसरा-दिवाळीला पुन्हा उठतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा देवळं बंद, लग्नं बंद, बाजार बंद. शेतकऱ्यांनी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवले. दुसरा मार प्लॅस्टिकच्या फुलांचा. धुतली की पुन्हा नवी, त्यामुळे डेकोरेटर खूश आणि शेतकरी हवालदिल. या फुलांवर बंदी आणा ही मागणी २०२५ मध्ये विधिमंडळातही गाजली.

तुमचा नळ, त्यांचं आवर्तन

आता थोडं गंभीर. कासुर्डी-यवत पट्ट्यात ऊस, गुऱ्हाळं, भाजी, फुलं दिसतात ती पावसावर नाहीत. इथला पाऊस तुटपुंजा. हा भाग हिरवा आहे तो खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्यामुळे. तुम्ही सिंहगड रोडला किंवा स्वारगेटजवळ राहत असाल तर हा कालवा तुम्ही रोज ओलांडता. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ घरांत पाणी शिरलं होतं, आठवतंय? फुटला होता तो हाच कालवा. तोच पुढे हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत दौंड आणि इंदापूरला जातो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. पुण्याचे नळही त्यावर आणि दौंड-इंदापूरची शेतीही त्यावर. शहर वाढतं, सोसायट्या वाढतात आणि कालवा समितीच्या बैठकीत दरवर्षी तीच ओढाताण होते, उन्हाळ्यात शेतीला किती आवर्तनं? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जुन्या, म्हणजे बेबी कालव्यात सोडायची सोय झाली ती याच टंचाईपोटी. आपण फ्लॅटमध्ये शॉवर सुरू ठेवून दाढी करतो तेव्हा त्या पाण्याचा दुसरा दावेदार याच हायवेलगत निशिगंधाच्या सरीत उभा असतो.

म्हणून वीकएण्ड प्लॉटवर काही लावायचं तर थेंबानेच लावा. ठिबक टाका, उसाच्या पाचटाचं आच्छादन करा आणि लॉनचा हट्ट सोडा. दहा गुंठ्यांतल्या लॉनला जेवढं पाणी लागेल तेवढ्यात शेजाऱ्याची फुलं निघतील. शेजाऱ्यांशी गोडीत राहा. कालव्याला पाणी कधी सुटणार हे ॲपवर नाही, तेच सांगणार.

मग करायचं काय?

कुंडी आणि शेत यांची गल्लत करू नका, एवढंच. ट्युलिप हा बाल्कनीतला लाड आहे. पाच कंद आणा, फ्रिजचा एक कप्पा द्या आणि फेब्रुवारीत ऑफिसातल्या टेबलावर फूल ठेवून भाव खा. प्लॉटवर मात्र निशिगंधाची एक सरी आणि ग्लॅडिओलसच्या दोन ओळी लावा. बुके घेताना फुलवाल्याला विचारा, यात आपल्याकडचं काय आहे? गुलछडीचे सहा दांडे खोलीत ठेवा. रात्री दहानंतर लॅपटॉप मिटलात की ते बोलायला लागतात.

झटपट टिप्स : फुलं जास्त दिवस टिकवायची असतील तर

• ट्युलिप विकत घेताना कळी मिटलेली पण रंग आलेला घ्या. पूर्ण उमललेलं फूल दोन दिवसांचं पाहुणं.

• घरी आणल्यावर देठ अर्धा इंच कापा, गुच्छ वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि दोन तास गार पाण्यात उभा ठेवा. देठ सरळ राहतात.

• ट्युलिप कापल्यावरही वाढतो आणि उजेडाकडे वाकतो. ते बिघडलेलं नाही, त्याचा स्वभावच तो. भांडं रोज थोडं फिरवा.

• फळांच्या टोपलीशेजारी कुठलाही बुके ठेवू नका. कारण तेच, इथिलीन.

• डॅफोडिल आणि ट्युलिप एकाच पाण्यात नको. डॅफोडिलच्या देठातला चिकट रस ट्युलिपला मारक असतो.

• ग्लॅडिओलस आणि निशिगंधाच्या दांड्याची खालची सुकलेली फुलं काढत राहा, वरच्या कळ्या उमलतात. पाणी एक दिवसाआड बदला.

• फुलांची बाग प्रत्यक्ष पाहायची असेल तर जानेवारीत, २६ जानेवारीच्या आसपास, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. आणि परतीच्या एखाद्या शनिवारी सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांत गाडी थांबवा. कंद कधी लावायचा हे तिथली माणसं पाकिटापेक्षा नीट सांगतात.